जुन्या सागरी प्रवासांत अधिक घातक काय होते, वादळ की आजार?

अजिंक्यतारा (सातारा):
साताऱ्यातील ‘चार भिंती’ या स्मारकाकडे फिरायला गेलो की रंगो बापूजी गुप्ते यांची आठवण हटकून येते. 1839 मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना पदच्युत केल्यावर त्यांची बाजू मांडण्यासाठी ते लंडनला गेले आणि एक तपाहून अधिक काळ तेथे झगडत राहिले. समुद्र ओलांडण्याला धर्माचा निषेध होता, हे आपण नेहमी ऐकतो. परंतु त्या काळी समुद्रावर जिवाला खरा धोका कशाचा होता? माझ्या मनात वादळ, फुटलेले तारू आणि चाचे एवढेच चित्र होते. शिडांच्या जहाजांवर वादळापेक्षा आजाराने अधिक माणसे मेली, असे नुकतेच वाचले. हे खरे असल्यास त्याचे कारण काय असावे?

वारणाकाठ (सांगली):
लांब पल्ल्याच्या सफरींपुरते ते खरे आहे, आणि माझ्या मते त्याचे मूळ प्रवासाला लागणाऱ्या दिवसांत आहे. वास्को द गामाने 1498 च्या एप्रिलअखेर आफ्रिकेतील मालिंदी बंदर सोडले, तेव्हा सोबत जाणता वाटाड्या होता आणि वारा पाठीशी होता. अरबी समुद्र त्याने सुमारे 23 दिवसांत ओलांडला. परतताना मात्र ईशान्येचे वारे स्थिरावण्याची वाट न पाहता तो ऑक्टोबरच्या आरंभीच कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाला. तोच समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले आणि तेवढ्यात सुमारे 30 माणसे स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराने, दगावली. प्रत्येक जहाजावर कामाला उभे राहू शकणारे सात-आठच खलाशी उरले, त्यामुळे पुढे ‘सांव राफाएल’ हे जहाज जाळून टाकावे लागले.

ताज्या फळा-भाज्यांवाचून दोन-तीन महिने गेले की शरीरातले क जीवनसत्त्व संपते, हिरड्या सुजून त्यांतून रक्त येते आणि भरलेल्या जुन्या जखमाही पुन्हा उघडतात. आपल्याकडे परसात पडून राहणाऱ्या आवळ्यांनी ही माणसे वाचली असती, याचे फार वाईट वाटते.

दक्षिणवारा (मिरज):
वरील मताला एक जोड द्यावीशी वाटते. हे दिवस केवळ वाऱ्यामुळे वाढत नसत. आपण कोठे आहोत हेच नाविकांना नीट कळत नसे. सूर्य-ताऱ्यांवरून अक्षांश काढता येई, रेखांश मात्र अंदाजानेच धरावा लागे. 1741 मध्ये इंग्रज नौदलाचा अधिकारी जॉर्ज अॅन्सन हा स्कर्व्हीने खंगलेले खलाशी घेऊन प्रशांत महासागरातील हुआन फर्नांदेझ बेट शोधत होता. अक्षांश बरोबर सापडला, पण बेट पूर्वेला की पश्चिमेला हे ठरेना. तो चुकून पूर्वेला वळला, चिलीचा किनारा दिसल्यावर माघारी फिरला आणि त्या हेलपाट्यात आणखी 70 ते 80 माणसे गेली.

अजिंक्यतारा (सातारा):
दोघांचेही मनापासून आभार. या आजारावरचा उपाय तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता का?

वारणाकाठ (सांगली):
ठाऊक होता, आणि हीच गोष्ट मला सर्वांत क्लेशदायक वाटते. लिंबू-संत्र्यांचा गुण काही नाविकांना फार पूर्वीपासून अनुभवाने माहीत होता. 1747 मध्ये ‘सॅलिसबरी’ या जहाजावर जेम्स लिंड या वैद्याने 12 रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. रोज दोन संत्री व एक लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. त्यांतला एक तर सहा दिवसांत कामावर रुजू होण्याजोगा झाला. तरीही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट देण्याचा निर्णय घेतला तो 1795 मध्ये, म्हणजे तब्बल 48 वर्षांनी.

दक्षिणवारा (मिरज):
आपल्या किनाऱ्याचा हिशेब मात्र निराळा आहे, हेही नोंदवतो. येथे पल्ले जवळचे, त्यामुळे भय पावसाळी समुद्राचेच. म्हणून तर नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या पाण्यात घालत नसत. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात उलटली आणि 600 हून अधिक माणसे बुडाली. तो प्रवास अवघ्या काही तासांचा होता.