विषय: सरकारी कंत्राटदाराची नोकरी आणि दांडिया बाजारचं घर

कारेलीबाग, वडोदरा:
नमस्कार मंडळी. धाकट्याला (आता अमेरिकन नागरिक) व्हर्जिनियातल्या एका मोठ्या सरकारी कंत्राटदाराची ऑफर आहे. क्लिअरन्सच्या (गोपनीय सरकारी कामासाठी लागणाऱ्या सुरक्षा मंजुरीच्या) फॉर्मसाठी आम्हा दोघांची जन्मतारीख, पत्ता, नोकरी विचारतोय. दांडिया बाजारच्या घरावर त्याचं नाव लावायचं चाललंय. लावू की थांबू?

रेस्टनहून:
काका, खुशाल लावा. एसएफ-८६ मध्ये, म्हणजे त्या क्लिअरन्सच्या फॉर्ममध्ये, आजची मालकी तर विचारतातच, पुढे परदेशात मालमत्ता मिळण्याची शक्यता असली तर तीही विचारतात. त्यामुळे थांबून काही साधत नाही. घर असणं किंवा आई-वडील भारतात असणं, एवढ्यावरून क्लिअरन्स नाकारत नाहीत. लपवलेलं सापडलं तर मात्र प्रकरण चिघळतं. पत्ता, घर कधी आणि कसं मिळालं, सहमालक कोण, हे लागेल. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डाची प्रत त्याला स्कॅन करून पाठवा.

नातेवाइकांच्या भागात आई-वडील, भावंडं, मुलं, सासू-सासरे येतात. काका, मावशी, चुलत भावंडं तिथे नाहीत. गेल्या ७ वर्षांत ज्यांच्याशी जवळचा आणि सततचा संबंध आहे, तेवढेच परदेशी संपर्कांत जातात. अख्खा फॅमिली ग्रुप उतरवून काढू नये! भाऊ कोयलीच्या रिफायनरीत असेल तर ती भारताची सरकारी कंपनी आहे, हे स्पष्ट लिहावं. परदेशप्रवास ७ वर्षांचा, राहण्याचे पत्ते आणि नोकऱ्या १० वर्षांच्या, मधे एकही महिना मोकळा न सोडता.

हमखास विसरतात ते आईबरोबरचं जॉइंट खातं. तेही दाखवायचं. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर एफबारही (परदेशी खात्यांची अमेरिकी सरकारला द्यायची वार्षिक माहिती) भरलेला हवा.

क्लिअरन्ससाठी स्वतःहून अर्ज करता येत नाही, प्रायोजक (नोकरी देणारी कंपनी) लागतो. क्लिअरन्स हातात येईपर्यंत जुनी नोकरी सोडू नये. मिळाल्यावर नवरात्रात घरी यायचं तरी कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला आधी कळवावं लागतं.

मेरीलँडहून:
ताईंनी फॉर्मचं सगळं सांगितलंच आहे. माझं म्हणणं पगाराबद्दल. कंपनी कितीही मोठी असो, खुर्ची कंत्राटाला बांधलेली असते. बरेचदा पहिलं वर्ष पक्कं आणि पुढची चार सरकारच्या मर्जीवर. कंत्राट मिळालंय की मिळायचंय, आणि कितवं वर्ष चालू आहे, हे सहीआधी विचारायला सांगा. फेरनिविदेत दुसरी कंपनी आली तर बहुधा माणसं तीच राहतात, पण पगार आणि रजेची ज्येष्ठता नव्याने ठरते.

शटडाऊनचंही (खर्चाला मंजुरी नसल्याने अमेरिकी सरकारचं कामकाज थांबतं, त्याचं) तसंच. २०१९ च्या कायद्याने थकलेला पगार मिळतो तो केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना. कंत्राटी माणसाला तशी हमी नाही. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर शटडाऊन होता. रजा शिल्लक ठेवावी.

टाइमशीट रोजच्या रोज, चार्ज कोडप्रमाणे (तास कोणत्या कंत्राटावर टाकायचे त्याचा क्रमांक), स्वतःच भरायची. चूक झाली तर कारण लिहून दुरुस्त करायची. "ते तास या कोडवर टाक" असं साहेब म्हणाला तरी टाकू नये; सरकारला खोटं बिल दिल्याचा गुन्हा होतो.

कारेलीबाग:
आभार. फॉर्ममध्ये घराची किंमत जंत्रीची (सरकारी दरपत्रकाची) लिहायची की बाजारभावाची?

रेस्टनहून:
बाजारभाव, डॉलरमध्ये, अंदाजे असल्याचं नमूद करून. जंत्री मुद्रांक शुल्कापुरती. हवी तर शेऱ्यात टाका.