नागपूर, त्रिमूर्तीनगर ते प्रतापनगर: मुलीला सायकलनं ट्यूशनला पाठवू का?

त्रिमूर्तीनगरची आई:
माझी मुलगी आठवीत आहे. ट्यूशन प्रतापनगरला, घरापासून जेमतेम दोन किलोमीटर. दिवाळीत तिला सायकल घेऊन दिली, पुढे बास्केटवाली. तेव्हापासून रोज म्हणून राहिली, "आई, मी एकटी जाते नं." आणि मी रोज गाडी काढते.

गल्ल्यांची मला भीती नाही. भीती आहे ती रिंग रोडच्या चारशे-पाचशे मीटरची. मागच्या आठवड्यात म्हटलं, आधी आपणच चालवून बघू. संध्याकाळी साडेसहाला तिची सायकल घेऊन निघाले. शाळेत असताना आम्ही चौघी मैत्रिणी महालातून धंतोलीपर्यंत रोज सायकलनं जायचो, त्यामुळे तोल लगेच सापडला. रिंग रोडला लागले आणि मागून टिप्पर आला. धक्का लागला नाही. पण तो बाजूनं सुसाट गेला तेव्हा वाऱ्यानं हँडल आधी बाहेर गेलं, मग आत ओढल्यासारखं झालं. डावीकडे सरकायला गेले तर सिमेंट रोडची कड वर आणि बाजूचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) खाली, मध्ये चार बोटांची पायरी. पुढचं चाक तिला घासत गेलं. कसाबसा पाय टेकवला आणि उरलेला रस्ता सायकल हातात धरून चालत गेले.

घरी आल्यावर पोरीनं विचारलं, "कसं वाटलं?" मला उत्तर देता आलं नाही.

कोणी आपली मुलं या बाजूनं पाठवता का? कोणत्या रस्त्यानं? "सवय होते" असं कृपया लिहू नका. मी तेरा वर्षांच्या मुलीबद्दल विचारते आहे.

फॅक्टरीवाले काका:
ताई, मी अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीभर सायकलनं गेलो. शिफ्ट सुटली की सायकलींचा लोंढा निघायचा, ट्रकवाला मुकाट आमच्या मागे हळू चालायचा. आज त्याच रस्त्यावर मी एकटा असतो.

लोक म्हणतात गर्दी वाढली. मी म्हणतो, स्पीड वाढला. संध्याकाळी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पाय ठेवायला जागा नसते, तिथून मी अजूनही बिनघोर जातो, कारण सगळेच रांगत असतात. वर्धा रोडवर सकाळी रस्ता मोकळा असला की मात्र छातीत धडधडते. तुमचं घाबरणं अगदी बरोबर आहे, त्याला कमीपणा मानू नका.

सिव्हिलवाला:
काकांच्या म्हणण्यामागे साधं गणित आहे. ताशी ६० च्या गाडीत ३० च्या गाडीपेक्षा चौपट ऊर्जा असते. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला तरी तेवढ्यात ३० वाली गाडी आठ मीटर जाते आणि ६० वाली सोळा-सतरा. सायकल ताशी बारा-पंधरानं चालते. त्यामुळे जिथं वेग जास्त तिथं वेगळा, कठडा घातलेला ट्रॅक हवा आणि जिथं ट्रॅक होत नाही तिथं वेग उतरवायला हवा. अ‍ॅमस्टरडॅमनं डिसेंबर २०२३ पासून शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर ३० ची मर्यादा लावली.

पोर्टलंड शहरात सायकलींचं नियोजन पाहणारे रॉजर गेलर यांचा अंदाज होता की साधारण ६० टक्के लोकांना सायकल चालवायची इच्छा असते, पण गाड्यांच्या भीतीनं ते चालवत नाहीत. आपल्याकडे उन्हाचं कारण सांगतात. ऊन आहेच, पण जानेवारीत तरी कुठे दिसतात सायकली? दोन किलोमीटरपैकी दीड किलोमीटर चांगला असून उपयोग नाही. घरचे उरलेल्या अर्ध्याकडे बघून ठरवतात.

गोपालनगरकर:
माझा मुलगा जाते. आतून, गोपालनगरच्या गल्ल्यांतून. रिंग रोडवर चालवायचीच नाही, फक्त सिग्नलवर उतरून ओलांडायचा. सात-आठ मिनिटं जास्त लागतात. लेकरानं काहून फेरा मारायचा, हा प्रश्न मलाही पडते, पण ट्रॅक होईपर्यंत थांबलो तर पोरगं बारावी होऊन जाईल. आणि त्या पायरीचा फोटो काढून महापालिकेच्या झोन ऑफिसला अर्ज द्या. मीही सही करतो.

त्रिमूर्तीनगरची आई:
सगळ्यांचे आभार. काल शेजारणीची सायकल मागून आणली आणि आम्ही दोघी आतून जाऊन आलो. गल्ल्यांत ती माझ्यापुढे होती, एका हातानं घंटी वाजवत. सिग्नलवर मात्र अडलो. आपला हिरवा लागला तरी डावीकडे वळणाऱ्या गाड्या थांबत नाहीत. दोनदा हिरवा जाऊ दिला, तिसऱ्यांदा ओलांडलं.

सोमवारपासून मी चौकापर्यंत पायी सोबत जाणार, ओलांडून देणार, पुढे ती एकटी. साडेआठला परत येईल तेव्हा मी तिथंच उभी असेन. अर्ज लिहून ठेवला आहे. पायरीला तिच्या कंपासमधली पट्टी लावून फोटो काढला, सात सेंटीमीटर भरली. गोपालनगरकर, सहीला कधी येऊ?