मदत हवी आहे : गणपतीत निहोन बुयो बसवायचंय

नमस्कार मंडळी, आम्ही तोक्योत राहतो. माझी ९ वर्षांची लेक दोन वर्षं निहोन बुयो, म्हणजे जपानी पारंपरिक नाच शिकतेय. पाऊल न उचलता जमिनीवरून सरकवत चालायचं, एवढंच तिने कित्येक महिने केलं. नाचातल्या घडीच्या हातपंख्याच्या मुठीकडे शिसं भरलेलं असतं, म्हणून तो फिरवला की बरोबर हातात येतो. परवा तिने तो पहिल्यांदा न पाडता झेलला, तेव्हा बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

क्लासात आता चारच मुली उरल्यात. बाईंना मराठी मुलांनाही शिकवायचंय, म्हणून इथल्या गणेशोत्सवात नाच आणि नंतर तासाभराची कार्यशाळा ठेवावी असं मनात आहे. पण इथे इएमोतो म्हणजे घराण्याच्या प्रमुखाचा शब्द शेवटचा. आपल्याकडे गंडा बांधून गुरूचा शिष्य होतात, तसं इथे तयार झालेल्या शिष्याला घराण्याचं नाव मिळतं. मग बाहेर नाच करायला परवानगी बाईंनी काढायची की आम्ही पत्र द्यायचं? मानधनाचं पाकीट कधी आणि कसं द्यावं? हॉलला लाकडी जमीन नाही, तर ताबी (अंगठा वेगळा असलेले जपानी मोजे) घालून कशावर नाचवावं? जपानच्या सांस्कृतिक खात्याच्या पालक-बालक वर्गांच्या योजनेत कुणी भाग घेतलाय का?

बाईंचा मान कुठेही कमी होऊ नये, एवढीच काळजी आहे. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.