बिली हॉलिडेची 'लेडी इन सॅटिन' कशी ऐकावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा कान घडला तो ठुमरी, गझल आणि नाट्यसंगीतावर. जॅझ आमच्या घरात कधी वाजलंच नाही. गेल्या महिन्यात मला साठ पूर्ण झाली, तेव्हा शिकागोत शिकणाऱ्या लेकीने एक एलपी पाठवली. अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेची 'लेडी इन सॅटिन'. मूळ १९५८ ची, आता नव्याने काढलेली जाड, वजनदार तबकडी. सोबत दोन ओळींची चिठ्ठी होती: "बाबा, बेगम अख्तर ऐकता तशी ही ऐका. मग बोलू."

आतापर्यंत पाच वेळा ऐकली. दर रविवारी तिचा फोन येतो आणि दर वेळी मी "अजून ऐकतोय" एवढंच सांगतो. तिला उगाच "छान आहे" म्हणायचं माझ्या जिवावर येतं. तिला त्यात जे सापडलं ते मलाही ऐकू यावं, असं मनापासून वाटतंय.

अडचण कुठे येते ते सांगतो. पहिलं गाणं 'आय ॲम अ फूल टू वॉन्ट यू'. सुई टेकवली की व्हायोलिनं भरून येतात, मागे बायकांचा नुसत्या आकारातला कोरस. सगळं मऊ, गुळगुळीत. आणि त्यात हा आवाज येतो. कोरडा, खरवडलेला. स्वर जरा लांबवला की टोकाला कापडाचा धागा सुटावा तसा सुटतो. तिचा जन्म एप्रिल १९१५ चा, ध्वनिमुद्रण फेब्रुवारी १९५८ चं, म्हणजे वय ४२. ऐकताना मात्र सत्तरीच्या बाईचा आवाज वाटतो. मला वाईट वाटतं, पण ते तिच्याबद्दल. गाण्यापर्यंत मी पोचतच नाही.

दुसरी शंका साधी आहे. माझ्या तबकडीवर ११ गाणी आहेत, पण इंटरनेटवर या अल्बमची १२ गाणी दिसतात. शेवटचं 'दि एंड ऑफ अ लव्ह अफेअर' माझ्याकडे नाही. लेकीने चुकीची प्रत घेतली का? तिला विचारायला नको वाटतं, तिला हळहळ वाटेल.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

काका, आधी दुसऱ्या शंकेचं, कारण ती लगेच सुटते. तुमची प्रत चुकीची नाही. १९५८ साली हा अल्बम मोनो (सगळा आवाज एकत्र) आणि स्टीरिओ (डावा-उजवा आवाज वेगळा) अशा दोन्ही रूपांत निघाला. मोनोवर १२ गाणी होती, स्टीरिओवर ११. राहिलेलं गाणं तुम्ही म्हणता तेच. त्या गाण्याचा वाद्यवृंद आधी ध्वनिमुद्रित झाला आणि तिने आवाज नंतर त्यावर चढवला, म्हणून ते स्टीरिओ तबकडीत आलं नाही. १९९७ च्या सीडीत ते स्टीरिओत ऐकायला मिळतं. त्याच सीडीवर त्या गाण्याची स्टुडिओतली जुळवाजुळवही वेगळी दिली आहे. ती जरूर ऐका, तिथे ती गाता गाता चाल शोधते आहे. तुमची एलपी जुन्या स्टीरिओ तबकडीला धरून काढलेली दिसते. मुलीला निर्धास्तपणे सांगा.

एक सूचना. स्टीरिओ प्रतीत वाद्यं फार पसरट वाटत असतील तर दोन्ही स्पीकर जवळ आणून ठेवा आणि आवाज थोडा कमी करा. ती अगदी माईकच्या जवळ गायलेली आहे. मोठ्या आवाजात व्हायोलिनंच अंगावर येतात आणि तिचा श्वास हरवतो.

प्रतिसाद २

तुमच्या लेकीने चिठ्ठीतच वाट दाखवली आहे असं मला वाटतं.

बेगम अख्तर यांच्या आवाजाला वरच्या स्वरात जी 'पत्ती' पडायची, म्हणजे आवाज क्षणभर तडकायचा, ती ऐकायला लोक जीव टाकायचे. तो आवाजाचा दोष होता, पण आपण त्यासाठी थांबायचो. कुमार गंधर्वांचं उदाहरण तर घरचंच. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, आणि मग त्यांनी छोट्या छोट्या तानांची, तुटक श्वासांची गायकी उभी केली. तिला आपण उणी म्हणत नाही, ती कुमारांची म्हणतो. बिलीचं असंच काहीसं आहे. तिचा पल्ला तसाही लहान होता, सप्तकाहून थोडा अधिक. तारुण्यातही ती दमसास किंवा तयारी दाखवून गायली नाही. तिचं सगळं बळ शब्द कुठे ठेवायचा यात होतं. दारू, हेरॉइन, तुरुंगवास यांनी आवाज गेला, पण शब्द ठेवण्याची ती जागा शेवटपर्यंत गेली नाही. उलट बाकी सगळं झडल्यामुळे तीच उघडी पडली.

आता एक करून बघा. दुसरी बाजू लावा, पहिलंच गाणं 'यू'व्ह चेंज्ड'. मांडीवर बोटांनी मात्रा धरा, जशी ठुमरीला धरता तशी. व्हायोलिनं तुमच्या बोटांबरोबर चालतील, ती चालणार नाही. ती मागे रेंगाळते, मग कुठेतरी दोन शब्द झटकन जवळ घेऊन येऊन मिळते. 'यू'व्ह चेंज्ड' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, ते दर वेळी वेगळे पडतात. आपल्याकडे बोल-बनाव म्हणतो, त्याचाच हा भाऊ. फक्त इथे स्वरांची वळणं फार थोडी, बहुतेक काम लयीत.

आणि व्हायोलिनांबद्दल. ती तिच्यावर कोणी लादली नाहीत. या अल्बमचे वाद्यवृंद संयोजक रे एलिस यांची वाद्यवृंदाची एक तबकडी ऐकून तिने स्वतः त्यांची मागणी केली. गाणीही तिने आधी न गायलेली निवडली. एलिस स्वतः सुरुवातीला तुमच्यासारखेच नाराज होते. सगळे टेक ऐकल्यावर त्यांना तिचं गाणं पसंत पडलं नव्हतं. काही आठवड्यांनी पक्की प्रत ऐकली तेव्हा ते बदलले, आणि आपण नुसतं संगीत म्हणून ऐकत होतो, त्यातली भावना ऐकत नव्हतो, असं त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा पाच वेळा ऐकून न कळणं यात काही वावगं नाही.

मला वाटतं ती मऊ पार्श्वभूमी हवीच होती. मागे नुसता पियानो असता तर आवाजाचा खरखरीतपणा त्यात खपून गेला असता. रेशमावर तो दिसतो.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत नाही. हा अल्बम मला फार जवळचा आहे, पण ओळख इथून करून घेऊ नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. एखाद्या गायकाला त्याच्या शेवटच्या दीड वर्षात पहिल्यांदा भेटणं हा त्याच्यावर अन्याय आहे. ती १७ जुलै १९५९ ला गेली.

१९३७ पासूनची पियानोवादक टेडी विल्सनच्या छोट्या वाद्यसंचाबरोबरची गाणी आधी ऐका. लेस्टर यंगचा सॅक्सोफोन तिच्या ओळींच्या मागून असा चालतो की दोघांतलं कोण गातं आणि कोण वाजवतं ते कळेनासं होतं. 'लेडी डे' हे नाव तिला त्यानेच दिलं. मग डिसेंबर १९५७ चा 'द साउंड ऑफ जॅझ' हा दूरचित्रवाणी कार्यक्रम बघा. त्यात ती 'फाइन अँड मेलो' गाते. लेस्टर उठून उभा राहतो आणि थोडेसेच स्वर वाजवतो, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जातो. ती त्याच्याकडे बघून मान हलवते आहे. नुसता तो चेहरा बघा. 'लेडी इन सॅटिन' त्यानंतर दोन महिन्यांनी गायलं गेलं. हे बघून तबकडी लावलीत तर तिचा थकवा तुम्हाला परका वाटणार नाही.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण आधी सगळं करून बघायचं होतं.

स्पीकर जवळ आणले, आवाज कमी केला. 'फाइन अँड मेलो' लागोपाठ तीनदा बघितलं. ती मान हलवते त्या ठिकाणी माझीही मान हलली, अगदी मैफलीत हलते तशी. मग दुसरी बाजू लावून मांडीवर मात्रा धरली. पहिल्या वेळी बोटं थांबवावी लागली, इतकी ती मागे राहते. दुसऱ्यांदा बोटं चालू ठेवली आणि शब्दाची वाट बघितली. एका जागी मात्रा पडून गेली, शब्द आलाच नाही, मला वाटलं आता ती चुकली. आणि मग 'चेंज्ड' असा आला, जवळजवळ बोलल्यासारखा, शेवटी स्वर खाली सोडून दिलेला. सहा महिन्यांपूर्वी माझी बहीण गेली. तिच्या शेवटच्या आजारपणात ती असंच बोलायची, वाक्य पूर्ण होईल की नाही अशी आपण वाट बघायची आणि ती ते पूर्ण करायची. मी सुई उचलली आणि थोडा वेळ तसाच बसलो.

व्हायोलिनं अजूनही मला जड जातात, विशेषतः तो कोरस. रेशमावर खरखर दिसते हे पटलं, तरी कान तिकडे ओढला जातो. कदाचित आणखी पाच वेळा ऐकल्यावर जाईल.

रविवारी लेकीला हे सगळं सांगितलं, ११ गाण्यांच्या शंकेसह. ती म्हणाली, मलाही ते माहीत नव्हतं. मग आम्ही दोघांनी फोन कानाला धरून 'यू'व्ह चेंज्ड' एकत्र ऐकलं, तिकडे सकाळ, इकडे रात्र. तिला ती मात्रेची जागा दाखवली तेव्हा ती म्हणाली, "हे मी ऐकलंच नव्हतं."

डिसेंबरात ती येते आहे. तोवर १९३७ ची गाणी घरात आणून ठेवायची आहेत. ती सगळी मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या, खरखरत्या तबकड्यांवर निघालेली, त्यामुळे नव्याने काढलेल्या प्रतींत आवाज फार घासून स्वच्छ केलेला असतो असं ऐकतो. लेस्टरचा श्वास जिथे शाबूत राहिला आहे अशी प्रत कोणाकडे आहे का? कुठली घ्यावी?