मदत हवी आहे: पर्यावरण कायद्यात इंटर्नशिप, कॉलेज पत्र देईना

स्लो_लोकल: मुंबई विद्यापीठ, एलएलबी. पर्यावरणाच्या केसेस लढणाऱ्या वकिलांकडे दीड महिना जायचंय. ते हो म्हणालेत, कॉलेज पत्रावर सही करत नाहीये. काय करू? प्लीज लवकर सांगा.

काळाकोट: तीन वर्षांचा कोर्स की पाच? महिना कोणता? वकील हायकोर्टातले की एनजीटीतले, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादातले? आणि वर ‘लवकर सांगा’!

भरतीओहोटी: सरळ पुणे गाठ. एनजीटीचं पश्चिम विभागाचं खंडपीठ तिथे बसतं. इंटर्नच्या गळ्यात आधी लिस्ट ऑफ डेट्स, म्हणजे केसमधल्या घटनांची तारीखवार यादी, पडते. त्यात आदेश कळल्याची तारीख ठळक कर. एनजीटी कायद्याच्या कलम १६ खाली आदेशावर अपील ३० दिवसांत, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. ९१व्या दिवशी कोणी ऐकत नाही. कलम १४ खालच्या मूळ अर्जाला सहा महिने अधिक ६० दिवस, आणि मोजणी कारण पहिल्यांदा घडलं तिथून. ‘नुकसान अजून चालूच आहे’ म्हणत बसलं की फाइल इथेच आपटते.

काळाकोट: पुणे, पुणे काय! कांदळवनांचा २०१८ चा निकाल हायकोर्टाचा आहे. वन्यजीव कायदा तर एनजीटीच्या परिशिष्टातच नाही, म्हणजे त्याखालचे वाद तिथे चालत नाहीत. रिट, म्हणजे थेट हायकोर्टातली याचिका, शिकायची तर फोर्ट.

भरतीओहोटी: मे महिन्यात? तेव्हा हायकोर्टाला सुट्टी, सुट्टीतलं खंडपीठ तातडीचं तेवढंच ऐकतं. रिकाम्या कॉरिडॉरमध्ये कसली रिट शिकणार ती?

मुलुंडकर७: सोसायटीतला गुलमोहर तोडायचाय. एनजीटीत जावं लागतं का?

काळाकोट: नाही हो. १९७५ चा झाडांचा कायदा, पालिकेच्या टी वॉर्डच्या उद्यान खात्यात अर्ज. कृपया वेगळा धागा काढा.

स्लो_लोकल: तीन वर्षांचा, दुसरं वर्ष. मे-जून. सलग सहा आठवडे असं अर्जात लिहिलंय.

सातबारा: मग तिथेच अडलंय! बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे लागतात, पण एका वर्षात सलग चारच्या वर नाही. सहा वाचून प्राचार्य सही कशी करतील? चार आठवड्यांचा नवा अर्ज दे, ‘पासून-पर्यंत’ तारखा घाल, वकिलांचं संमतीपत्र जोड. उरलेले दोन दिवाळीच्या सुट्टीत. इंटर्नशिपची डायरी रोज लिही. एका बैठकीत उतरवलेली डायरी शाईवरूनच ओळखतात.

काळाकोट: हे बरोबर. फक्त सगळे आठवडे एनजीओत घालवू नकोस. खालच्या कोर्टातल्या आणि अपिलं चालवणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी जावंच लागतं.

मुलुंडकर७: फांदी गाडीवर टेकलीये, तरी अर्जच?