जुन्या ७३७ मध्ये 'आयआरएस नॅव्ह ओन्ली' येतंय, मॅप भलतीकडेच

डोंबिवलीकर_पायलट:
मंडळी कालपासून डोकं फिरलंय. कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिममध्ये जुनं बोइंग ७३७-३०० घेतलंय, जीपीएस नसलेलं, मुंबई-गोवा करत होतो. रनवे २७ वरून टेकऑफ, गिअर वर, आणि थोड्या वेळात एफएमसीवर (मार्ग काढणाऱ्या कॉम्प्युटरवर) मेसेज, 'आयआरएस नॅव्ह ओन्ली', म्हणजे रेडिओची मदत नाही, फक्त आयआरएसचा (विमानाची हालचाल मोजून जागा सांगणाऱ्या यंत्राचा) भरवसा. खिडकीतून खाली जुहूचा समुद्र दिसतोय आणि मॅपवर विमान पार देशावर! एलनॅव्ह (आखलेल्या मार्गाने नेणारा ऑटोपायलटचा मोड) लावला तर सरळ पश्चिमेला चालू लागलं, गोव्याकडे वळायचं नावच नाही. तीनदा केलं, तीनदा तेच. गेटवर 'व्हेरिफाय पोझिशन' पण आला होता, तो मी क्लिअर केला कारण तेव्हाच जेवायची हाक आली होती. ॲड-ऑन परत इन्स्टॉल करू का, चार तास जातील डाउनलोडला.

रनवे_सत्तावीस:
एअरॅक (मार्गांचा डेटाबेस) जुना असेल भावा. दर २८ दिवसांनी बदलतो तो, तू कधीचा टाकलायस?

ठाण्याचा_काका:
एअरॅकने वेपॉइंट चुकतील, विमान कुठे आहे ते नाही चुकणार. इन्स्टॉल बिन्स्टॉल काही करू नकोस. आधी सांग, आयआरएस अलाईन होत असताना, म्हणजे सुरुवातीला जागा-दिशा पक्की करत असताना, पुशबॅक केलास का (विमान गेटवरून मागे ढकललंस का)? तेव्हा विमान हललं तर आयआरएस बोंबलतो. आणि अलाईनचा पांढरा दिवा लुकलुकला होता का?

डोंबिवलीकर_पायलट:
नाही काका, पुशबॅक नंतरच. दिवा लुकलुकतो हो, दर वेळी. पोझिशन परत टाकली की बंद होतो. एन १९०५.३, ई ०७५२२.१. मॉनिटरला पिवळी चिठ्ठीच चिकटवून ठेवलीय.

ठाण्याचा_काका:
मग सापडलं. मुंबईचा रेखांश ०७२५२ (७२ अंश ५२ मिनिटं) च्या आसपास आहे, तू ०७५२२ लिहिलंयस. अडीच अंश पूर्वेला, म्हणजे साधारण १४० नॉटिकल मैल. तुझं विमान पाथर्डीच्या पुढे, नगर-बीडच्या हद्दीवर कुठेतरी उभं आहे असं बिचाऱ्या एफएमसीला वाटतंय 😄

आता गंमत बघ. अक्षांश चुकला असता तर आयआरएसने पकडला असता, कारण पृथ्वीच्या फिरण्यावरून तो स्वतःच अक्षांश काढतो. रेखांशाला असला काही पुरावा नसतो, तो फक्त मागच्या वेळी बंद केलं तेव्हाच्या जागेशी ताडून बघतो आणि एक अंशापेक्षा जास्त फरक दिसला की दिवा लुकलुकवतो. पण तोच आकडा परत टाकला की म्हणतो बरं बाबा, तूच शहाणा, आणि मान्य करतो. तू तेच केलंस. पुढे एफएमसी पाथर्डीजवळचे डीएमई (अंतर सांगणारी रेडिओ केंद्रं) शोधतंय, विमान मुंबईत, त्यामुळे रेडिओवरून काही दुरुस्तीच मिळत नाही, म्हणून तो मेसेज. मुंबईचा बीबीबी व्हीओआर (दिशा सांगणारं रेडिओ केंद्र) हाताने ट्यून करून सुई बघितली असतीस तर तिथेच कळलं असतं.

हवेत हे धड निस्तरत नाही. गेटवर स्विच ऑफ करून पहिल्यापासून अलाईन कर, दहा एक मिनिटं धर. आणि चिठ्ठी फेक, एफएमसीत रेफ एअरपोर्टला व्हीएबीबी (मुंबईचा कोड) टाकून येणारा आकडा खालच्या ओळीत, स्क्रॅचपॅडवर, उचलायचा आणि 'सेट आयआरएस पोझिशन'ला ठेवायचा, टायपिंगच नको.

रनवे_सत्तावीस:
काका मानलं. खऱ्या विमानात होतं का असं?

ठाण्याचा_काका:
झालंय की. मार्च २०१५, सिडनीहून क्वालालंपूरला निघालेलं ए-३३०. गेटचा रेखांश १५१०९.८ च्या ऐवजी ०१५१९.८ टाकला गेला. म्हणजे ११ हजार किलोमीटरहून जास्त चूक, आणि इशारे येऊनही टेकऑफ झाला. वर गेल्यावर दुरुस्त करायला गेले तर आणखी बिघडलं, सिडनीत हवामान खराब म्हणून मेलबर्नला उतरवलं. तू तर फक्त नगरला गेलास.

डोंबिवलीकर_पायलट:
झालं काका!! स्विच ऑफ, परत अलाईन, आकडा उचलून टाकला. दिवा नाही, मेसेज नाही, टेकऑफनंतर मॅप खिडकीशी जुळतोय आणि डावीकडे वळून किनाऱ्याकिनाऱ्याने निघालोय. चार तास वाचवलेत.

ठाण्याचा_काका:
छान. परतीसाठी दाबोळीचा आकडा पण त्याच चिठ्ठीवर आहे का?

डोंबिवलीकर_पायलट:
आहे... थांबा बघतो.
त्यात तर ई च्या जागी डब्ल्यू लिहिलाय 🤦