मदत हवी आहे: टोळीबरोबर आलेल्या मुलीची नोंद यू-डायसवर कशी करू?

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आल्या. दरवर्षीसारखंच त्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) जाऊन, आईबापांशी बोलून सात मुलं शाळेत आणली. सहा जणांचं मार्गी लागलं, एका मुलीपाशी अडले आहे.

ती नऊ वर्षांची आहे. आई म्हणते, "लई हट्टी हाय, हाक मारली तरी बघत न्हाई." पण वर्गात तिच्या पाठीमागे ताट पडलं, सगळी पोरं दचकली, ही तशीच बसून राहिली. समोर उभं राहून बोललं की माझ्या ओठांकडे टक लावून बघते. फळ्यावरचं मात्र सगळ्यांच्या आधी उतरवते. मला वाटतं, तिला ऐकू कमी येतं आणि आजवर कुणाच्या ते लक्षातच आलं नाही.

वर्गात बसवायला अडचण नव्हती. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्येच आहे. घोडं अडलंय ते यू-डायसवर, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीच्या पोर्टलवर. स्थलांतर करणाऱ्या मुलाला आधीच्या शाळेकडून मिळतं ते शिक्षण हमी कार्ड तिला मिळालेलं नाही. गावाकडच्या शाळेला फोन करून अकरा आकडी पेन क्रमांक (पोर्टलवरचा विद्यार्थ्याचा कायम क्रमांक) मिळवला, पण तिथून तिला ड्रॉपबॉक्समध्ये टाकत नाहीत, म्हणजे दुसऱ्या शाळेला घेता यावं म्हणून त्यांच्या पटावरून मोकळं करत नाहीत. "मार्च-एप्रिलला परत येणारच की, पट कशाला कमी करू?" पटावर संचमान्यता (शाळेला किती शिक्षक, याची मंजुरी), संचमान्यतेवर शिक्षकाचं पद. त्यांची भीती मला कळते. पण तोवर ही मुलगी कागदावर तिथे आणि प्रत्यक्षात इथे. शिवाय तिथल्या नोंदीत दिव्यांगच्या रकान्यात "नाही" आहे. ते "नाही" तसंच राहिलं तर गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक तिच्यापर्यंत येणार कसे?

एकाने सुचवलं, नवीन विद्यार्थी म्हणून भरून टाका. मला ते पटत नाही, एकाच मुलीच्या दोन नोंदी होतील. मग काय करू? आणि बीडचं आधार कार्ड असताना दिव्यांग प्रमाणपत्र इथे निघेल का? हाताशी चारच महिने आहेत.

प्रतिसाद १
मॅडम, नवीन नोंद अजिबात करू नका. मुलगी तुमच्या वर्गात कोणत्या तारखेपासून हजर आहे ते लिहून मुख्याध्यापकांच्या सहीने तुमच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि तिकडच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत पाठवा. दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, असं त्याच कलम ५ मध्ये म्हटलं आहे. धमकी म्हणून नको, पत्रात नुसता उल्लेख करा.

प्रतिसाद २
मी विशेष शिक्षक आहे. रकान्याची वाट बघू नका, आधी कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. प्रमाणपत्रासाठी बीडलाच जावं लागेल असं नाही. २०१७ च्या दिव्यांग हक्क नियमांत राहत्या जिल्ह्याबरोबरच, जिथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयातही अर्ज करायची सोय आहे. म्हणून केसपेपर जपून ठेवा. तोवर 'प्रशस्त' या मुलांमधलं दिव्यांगत्व शाळेतच प्राथमिक पातळीवर ओळखण्याच्या ॲपवर तुमची निरीक्षणं भरा. ताटाचा प्रसंग तारखेसह लिहा, तेच खरं कामाचं आहे. आणि तिला आजपासून पहिल्या बाकावर बसवा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. बाक आजच बदलला. पत्र उद्या देते. आता अडचण वडिलांची. रुग्णालयात गेले तर दिवसाचा खाडा होतो आणि मुकादम उचलीतून (आगाऊ घेतलेल्या रकमेतून) पैसे कापतो. आई-वडिलांऐवजी शिक्षिकेने मुलीला तपासणीला नेलं तर चालतं का, संमतीपत्र कसं लिहून घ्यायचं? कुणी असं नेलं असेल तर कृपया सांगा.